शिष्यवृत्ती ते स्टार्टअप: पैसा आधी येतो की नंतर? घरातल्या पहिल्या इंजिनीअरसाठी पूर्ण माहिती

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझ्या रूममेटने एक छोटी डबी बनवली होती. तो मालेगावचा, वडील यंत्रमागावर कामाला. तिथे एक माणूस एकाच वेळी सहा-आठ माग सांभाळतो, आणि आवाज इतका असतो की त्यातला एखादा बंद पडला तरी लगेच कळत नाही. याची डबी मागाला लावली की माग थांबल्याचा मेसेज मोबाईलवर यायचा. आत एक सेन्सर, एक स्वस्त बोर्ड आणि सिमचं मॉड्यूल, एवढंच.

डबी चालली. एका कारखानदाराने वीस डब्या घेतल्या, पण पैसे चार महिने दिले नाहीत. सुट्या भागांसाठी याने उसने पैसे घेतले होते आणि घरी दर महिन्याला काहीतरी पाठवायचं होतंच. पाचव्या महिन्यात तो एका आयटी कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागला. "मला थांबता येणार नाही रे," एवढंच म्हणाला.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपल्यासारख्या मुलांसाठी योजना नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण बऱ्याच योजनांचा पैसा नंतर येतो आणि खर्च आधी करावा लागतो. मधला काळ ज्याला काढता येतो तो पुढे जातो. म्हणून या लेखात प्रत्येक योजनेला मी एकच प्रश्न विचारलाय: पैसा आधी येतो की नंतर?

## हा लेख कोणासाठी?

'अल्पसंख्याक' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. कायद्याने धार्मिक अल्पसंख्याक म्हणजे मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. पण स्टार्टअप, पेटंट, नवं तंत्रज्ञान या जगात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातली मुलंही कमीच दिसतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती सुमारे ११.८ टक्के, अनुसूचित जमाती ९.४ टक्के, मुस्लिम ११.५ टक्के आणि बौद्ध ५.८ टक्के आहेत. बौद्धांपैकी बरेच जण अनुसूचित जातीतही मोजले जातात, त्यामुळे हे आकडे सरळ बेरजेचे नाहीत. तरीही राज्याचा हा मोठा भाग आहे.

मी स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या नवबौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला इंजिनीअर. त्यामुळे खालची बरीच माहिती मला ठेच लागूनच मिळाली आहे.

## पायरी १: कागद, आणि तेही बारावीच्या आधी

सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. लागणारे मुख्य कागद हे:

- जातीचा दाखला: उपविभागीय अधिकारी देतात, अर्ज सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून करता येतो.
- जात पडताळणी प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी: राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर हे लागतंच. अकरावी-बारावीतच अर्ज करा.
- उत्पन्नाचा दाखला: तहसील कार्यालयातून. याची मुदत संपते, तारीख बघत राहा.
- आधारशी जोडलेलं बँक खातं: शिष्यवृत्ती याच खात्यात येते. खातं आधारला जोडलेलं असणं आणि थेट लाभासाठी निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत दोन्ही विचारा.

व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. बहुतेक जण आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडतात.

माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. ज्या काळात त्यांना शाळेत बसू दिलं नसतं, त्याच काळातला शाळेचा दाखला मी शोधत होतो! शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकात पणजोबांच्या घरातली एक जन्माची नोंद सापडली, त्यात जात लिहिलेली होती. यात माझे सात आठवडे गेले.

तुमचीही अशीच अडचण असेल तर हे करून बघा:

- कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही
- जमिनीचे जुने उतारे आणि हक्कनोंदी
- वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची आधी मिळालेली व्हॅलिडिटी. हा सगळ्यात जवळचा रस्ता, त्यामुळे चुलतभावंडांना आधी विचारा.

एकदा मिळाले की सगळे कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवा. पुढे दहा वर्षं लागतात.

## पायरी २: शिक्षणाचा पैसा

पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. अनुसूचित जातीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत हवं, त्यावर असेल तर फ्रीशिप बघा. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि कॉलेजची फी आपण पुढे भरायची असते. *पैसा कधी: नंतर, कधी कधी बराच नंतर.*

माझा दुसऱ्या वर्षाचा हप्ता वेळेत आला नाही, तेव्हा कॉलेजने परीक्षेचा फॉर्म अडवला. वडिलांनी गॅरेजमधला कॉम्प्रेसर गहाण ठेवून पैसे आणले. हप्ता नंतर आला, पण तोपर्यंतचं व्याज आमच्याच खिशातून गेलं. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी ट्यूशन फी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत, हे तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात द्या.

स्वाधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. शहरानुसार ती बदलते, मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत. *पैसा कधी: हप्त्यांत, खर्च सुरू झाल्यावर.*

धार्मिक अल्पसंख्याकांसाठी. राज्याची उच्च व व्यावसायिक शिक्षणाची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती महाडीबीटीवरच आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज देतं. पीएचडीसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तिच्या मागे लागू नका. *पैसा कधी: शिष्यवृत्ती नंतर, कर्ज आधी.*

परदेशात शिकायचं असेल तर. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा.

आता एक इतिहासातलं उदाहरण. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. दर महिन्याला पैसे येणार हे आधीच ठरलेलं होतं. रक्कम मोठी नव्हती, पण भरवशाची होती, आणि अभ्यासाला लागतो तो भरवसाच.

## पायरी ३: शिकायचं कुठे?

इथे फार बोलत नाही, कारण हे मोबाईलवर सगळ्यात सोपं आहे. एनपीटीईएल आणि स्वयम वर आयआयटीचे कोर्स फुकट आहेत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. शाळेत असाल तर अटल टिंकरिंग लॅब जवळ आहे का बघा. सहावी ते बारावीच्या मुलांना तिथे सेन्सर, थ्रीडी प्रिंटर हाताळायला मिळतात. अशा १० हजारांहून जास्त लॅब देशात सुरू झाल्यात.

एक सल्ला: कोर्स संपवण्यापेक्षा एक गोष्ट बनवून संपवा. कोर्सची प्रमाणपत्रं खूप जणांकडे असतात, तुमच्या गावातली अडचण मात्र तुम्हालाच आतून माहीत असते. माग बंद पडल्यावर मजुराचे किती पैसे बुडतात हे माझ्या रूममेटला घरातच कळलं होतं.

## पायरी ४: कल्पनेपासून पहिल्या मॉडेलपर्यंत

हा सगळ्यात अवघड काळ. कमाई नाही, कर्ज मिळत नाही, घरचे विचारतात नोकरीचं काय झालं. या काळासाठी असलेल्या योजना फार कमी मुलांना माहीत आहेत.

- निधी-प्रयास: केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना. वस्तूचं पहिलं चालणारं मॉडेल बनवायला १० लाखांपर्यंत अनुदान. हे कर्ज नाही. अर्ज इनक्युबेशन सेंटरमार्फत करायचा. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचं साईन आणि पुण्यातलं व्हेंचर सेंटर ही नावं लक्षात ठेवा. *पैसा कधी: टप्प्याटप्प्याने, काम दाखवत.*
- निधी-ईआयआर: नोकरी न धरता स्टार्टअपवर काम करणाऱ्याला दरमहा ३० हजारांपर्यंत फेलोशिप, साधारण वर्षभर. *पैसा कधी: दर महिन्याला.* आपल्यासारख्यांसाठी माझ्या मते सगळ्यात कामाची योजना हीच. रूममेटला तेव्हा ही माहीत असती तर पाचव्या महिन्यात तो थांबू शकला असता.
- आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन: २०२० मध्ये सुरू झालं. अनुसूचित जातीच्या तरुणांच्या स्टार्टअपला तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल. हे इक्विटी आहे, म्हणजे बदल्यात कंपनीचे शेअर द्यावे लागतात, पण दरमहा हप्ता भरावा लागत नाही.

## पायरी ५: कर्ज

| योजना | कोणाला | किती | लक्षात ठेवा |
|---|---|---|---|
| मुद्रा | सगळ्यांना | शिशु ५० हजार, किशोर ५ लाख, तरुण १० लाखांपर्यंत | तारण लागत नाही. तरुण कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत |
| पीएमईजीपी | सगळ्यांना. एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला यांना जास्त सबसिडी | उत्पादनाचा प्रकल्प ५० लाख, सेवेचा २० लाखांपर्यंत | या गटांना शहरात २५ टक्के, गावात ३५ टक्के सबसिडी, स्वतःचे ५ टक्के |
| स्टँड-अप इंडिया | एससी, एसटी आणि महिला | १० लाख ते १ कोटी | २०१६ ची योजना, मुदत २०२५ पर्यंत होती |

पीएमईजीपीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सबसिडी हातात मिळत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि मग कर्जात वळती करतात. म्हणजे *पैसा नंतर*. "सबसिडी येईल, त्यातून मशीन घेऊ" असा हिशोब कधीच करू नका.

स्टँड-अप इंडियाच्या यादीत धार्मिक अल्पसंख्याक पुरुष नव्हते, हेही समजून घ्या. त्यांच्यासाठी मुद्रा, पीएमईजीपी आणि मौलाना आझाद महामंडळ हे रस्ते आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या ५ लाख महिला, एससी आणि एसटी उद्योजकांना २ कोटींपर्यंत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. योजनांच्या मुदती बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी अधिकृत साइट बघाच.

## पायरी ६: पहिलं गिऱ्हाईक आणि अडकलेलं बिल

रूममेटचा घात इथे झाला. त्याने वीस डब्या दिल्या, पण उद्योगाची नोंदणी केलेली नव्हती. आज ती नोंदणी 'उद्यम' या नावाने होते, १ जुलै २०२० पासून. मोबाईलवर होते, आधार लागतं आणि पूर्णपणे फुकट आहे. फी मागणारी साइट खोटी समजा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा.

नोंदणीचे फायदे:

1. ४५ दिवसांचा नियम. एमएसएमई कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.
2. समाधान पोर्टल. बिल अडकलं की इथे ऑनलाइन तक्रार करता येते.
3. टेंडरला अनामत रक्कम माफ. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ही सूट आहे. पैसा आधी अडकत नाही, हे आपल्यासाठी मोठं आहे.
4. सरकारी खरेदीत हिस्सा. केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असते. त्यातले ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. प्रत्यक्षात ४ टक्क्यांच्या बरीच खाली खरेदी होत आली आहे. यासाठीच २०१६ मध्ये नॅशनल एससी-एसटी हब सुरू झालं. जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव घाला.

पहिला माल देण्याच्या आधी नोंदणी करा. बिल अडकल्यावर केलेली नोंदणी त्या बिलासाठी उपयोगी पडेलच याची खात्री नसते.

आणि ओळखी? ज्यांच्या घरात धंदा आहे त्यांना वडिलांच्या एका फोनवर पहिलं गिऱ्हाईक मिळतं. आपल्याकडे तो फोन नसतो, म्हणून संघटना लागतात. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, याच कारणाने सुरू केली. अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी बंद पडत आलेली कमानी ट्यूब्स पुन्हा उभी केली. दोघांनाही २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. डिक्कीच्या किंवा जवळच्या इनक्युबेशन सेंटरच्या कार्यक्रमाला एकदा तरी जा, कार्ड नसलं तरी चालेल.

## पायरी ७: पेटंट

- एका व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन पेटंट अर्जाची फी १,६०० रुपये आहे, ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत. मोठ्या कंपनीला हीच ८,००० रुपये.
- तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. त्याचे ४,००० रुपये, मोठ्या कंपनीला २०,०००.
- कल्पना पूर्ण नसेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करा. पूर्ण माहिती द्यायला १२ महिने मिळतात.
- स्टार्टअप इंडियाची मान्यता असेल तर पेटंट एजंटची फी सरकार भरतं, अर्जाची सरकारी फी मात्र आपली.
- नुसतं सॉफ्टवेअर भारतात पेटंट होत नाही, कायद्याचं कलम ३ (के) बघा. कोडला कॉपीराइट असतो. सेन्सरसकट चालणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

सावध: अर्जाआधी यूट्यूबवर किंवा कॉलेजच्या प्रदर्शनात सगळं उघड केलंत तर 'नवीन' असण्याची अट मोडू शकते. आधी अर्ज, मग रील!

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवबौद्ध विद्यार्थ्याने कोणता अर्ज करावा?
महाराष्ट्रात नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात आणि बौद्ध म्हणून अल्पसंख्याक यादीतही नाव असतं. पण एकाच वर्षी एकाच अभ्यासक्रमासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. जास्त फायद्याची एक निवडा.

नोकरी आधी की स्टार्टअप आधी?
घरी पैसे पाठवायचे असतील तर नोकरी आधी. त्यात कमीपणा काही नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, उद्यम नोंदणी करा, रविवारी काम करा.

एजंट म्हणतो पैसे द्या, कर्ज मंजूर करून देतो. द्यावे का?
नाही. कर्जाच्या ॲपवरही विश्वास ठेवण्याआधी मागे कोणती बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी आहे ते तपासा.

## शेवटी

कोणतीही योजना वाचताना कागदावर दोन रकाने करा: खर्च कोणत्या तारखेला, पैसा कोणत्या तारखेला. दोन तारखांमधलं अंतर तुम्ही कसं काढणार हे आधी लिहा, मग अर्ज करा.

रूममेट आजही नोकरीत आहे. वीस डब्यांपैकी बाराचे पैसे मिळाले, बाकीचे बुडाले. मागच्या महिन्यात त्याने उद्यम नोंदणी केली. मी शेजारीच बसलो होतो, अर्धा तासही लागला नाही. आता फेलोशिपचा अर्ज लिहितोय. डबीत नवीन बोर्ड टाकलाय, आणि या वेळी पहिल्या बिलावर तो पैसे द्यायची तारीख छापणार आहे.

घरातलं, गल्लीतलं कोणी बारावीला असेल तर त्याला निदान पायरी १ आजच पाठवा.